तीन नंबरच्या खोलीतली अकरा मिनिटं

तुम्ही त्या बाईला वेडी ठरवलंत. वरच्या मजल्यावर, थंडगार खोलीत, बिस्किटांची ताटली मधे ठेवून ठरवलंत. तिचं पोट उघडलं होतं तेव्हा तुमच्यातला एकही जण तिच्या आसपास नव्हता, आणि तरी तिनं काय ऐकलं नि काय सोसलं हे तुम्हाला तिच्याहून जास्त माहीत. ती म्हणाली, मी जागी होते. तुम्ही लिहिलंत, स्वप्न. ती म्हणाली, मी आकडे मोजले. तुम्ही लिहिलंत, भ्रम. मग तिला मनाच्या डॉक्टरकडे पाठवलंत, गोळ्या चालू केल्यात, आणि फाइल बंद करायला एक सही कमी पडली म्हणून आता ती सही मागताय. थोडी तरी लाज?

हे सगळं व्हिनेट टुलॉक मनातल्या मनात बोलत होती. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, आणि डाव्या हाताची दोन बोटं एका म्हाताऱ्याच्या कानशिलावर. म्हाताऱ्याच्या हर्नियावर टाके पडत होते. दुपारचा एक वाजून गेला होता. दोन वाजता तिला वरच्या मजल्यावर बोलावलं होतं. सोमवारपासून ती हे भाषण रचत होती; बसमध्ये, आंघोळ करताना, भांडी विसळताना. दर वेळी ‘थोडी तरी लाज’पर्यंत आली की गाडी अडायची. कारण पुढचं वाक्य त्यांच्याबद्दलचं नव्हतं. पुढचं वाक्य तिचं स्वतःचं होतं आणि ते अजून तिच्याच्यानं मनातसुद्धा बोलवत नव्हतं. मग ती मॉनिटरकडे बघायची, चार्टवर नाडीचा एक ठिपका द्यायची, बीपीच्या दोन खुणा करायची, आणि पाच मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तुम्ही त्या बाईला वेडी ठरवलंत.

किंग्स्टनच्या या टीचिंग हॉस्पिटलात तिला भूल द्यायला लागून चोवीस वर्षं झाली होती. डॉक्टर नव्हे, नर्स. भूल देणारी नर्स. बाहेर कुणाला सांगितलं तर लोक म्हणायचे, म्हणजे इंजेक्शन देता का? ती म्हणायची, हो, इंजेक्शन देते. आणखी काय सांगणार? की तुमचा श्वास बंद करते आणि ऑपरेशन संपेपर्यंत तुमच्या वतीनं मी श्वास घेते? शिकवणारी जुनी सिस्टर आयसिल्डा बोगल म्हणायची, "पोरींनो, माणूस झोपत नसतो. तुम्ही त्याला धरून ठेवलेलं असतं. हात सुटला की गेला." बोटं कानशिलावर ठेवायची सवय तिचीच. वीज जाते, मॉनिटर बंद पडतो, बोटाखालची नाडी कुठे जात नाही. सिस्टर बोगल गेली तेव्हा चर्चमध्ये आठ माणसं होती. त्यातल्या सहाजणी इथल्याच, भूल देणाऱ्या नर्स. एखाद्या सर्जनच्या अंत्यविधीला गाड्यांची रांग लागते, पेशंट रडतात, कुणी उभं राहून सांगतं की यांनी मला जीवदान दिलं. भूल देणारीला कोण ओळखणार? पेशंट टेबलावर येतो तेव्हा घाबरलेला असतो, वर दिव्याकडे बघत असतो. त्याला दिसतो तो मास्क आणि कपाळाची एक पट्टी. जाताना बरोबर नेतो तो फक्त आवाज, तोही उलटा, डोक्यामागून आलेला.

सोमवारी तो आवाजच परत आला होता.

क्रॉस रोड्सच्या पॅटीच्या दुकानात ती रांगेत उभी होती. पाय सुजलेले, मोजे पोटऱ्यांत रुतलेले, सकाळपासून पोटात पुदिन्याच्या चहाशिवाय काही नाही. काउंटरवरच्या मुलीला ती म्हणाली, "एक बीफ पॅटी, कोको ब्रेडमध्ये. आणि बाळा, गरमच दे हं." झालं, एवढंच. पुढे उभ्या असलेल्या बाईच्या हातातली सुटी नाणी खाली पडली. बाई ती उचलायला वाकली नाही. डोक्याला चौकड्याचा रुमाल, मनगटं जाड, नखांत लाल माती बसलेली. बाजारात कंद विकणाऱ्या बायकांची असते तशी. ती मागे वळली, पण व्हिनेटच्या तोंडाकडे बघेना. डोळे मिटून घेतले तिनं.

"परत बोला," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता जे बोललात ते. परत बोला."

"बाई, तुमचे पैसे पडले."

"पडू दे. तुम्ही ‘बाळा’ म्हणालात. मलाही म्हणाला होतात. ‘बाळा, एखादी छान जागा आठव.’ मी म्हणाले, क्रिस्तियाना, माझ्या आईचं वावर. तुम्ही म्हणालात, ‘मग जा तिथं, मी आहे इथं.’" बाईनं डोळे उघडले. "मी आहे इथं, असं म्हणालात. मी डेलरोज मिनॉट. मार्च महिना, तीन नंबरची खोली. माझी पिशवी काढली."

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो मावशी, गप्पा मारायच्या तर बाहेर मारा, आमचं पोट कोकलतंय!" दोघी-तिघी हसल्या. आणि व्हिनेटनं एक गोष्ट केली. तिनं आवाज बदलला. तो कुठून आला तिला कळलं नाही. बारीक, नाकातला, बँकेत फोन उचलणाऱ्या मुलीचा असतो तसा. "माफ करा, तुमची काहीतरी चूक होतेय. मी हॉस्पिटलात नसते." असं म्हणून ती पॅटी न घेता बाहेर पडली. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. शेअर टॅक्सीवाला गाडीच्या दारावर हात आपटून पापीन, पापीन असं शेवटच्या थांब्याचं नाव ओरडत होता. तिला वाटलं, आपण आत्ता एका माणसाचा खून करून आलोय आणि कुणाला पत्ता नाही.

तेव्हापासून तिचा तिच्या आवाजाशी काही संबंध राहिला नव्हता. मंगळवारी टेबलावर एक तरुण बाई आली, थरथरत होती, आणि व्हिनेट नेहमीचं वाक्य बोलायला गेली तर घशातून हवाच आली नुसती. बाळा म्हणवेना. जागा आठव म्हणवेना. मी आहे इथं, हे तर नाहीच. तिनं न बोलताच औषध सोडलं आणि ती पोरगी झोपेपर्यंत छताकडे बघत राहिली, तिला कुणी काही सांगितलंच नाही. बुधवारीही तसंच. आज हा म्हाताराही तसाच मुकाट्यानं झोपला, जाताजाता म्हणाला, "कुणी आहे का तिथं मागं?" तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला फक्त.

नियम असा की भूल देणाऱ्या नर्सजवळ डॉक्टर हजर हवा. नियम चांगला आहे. तो पाळायची पद्धतही ठरलेली. सकाळी सव्वासातला डॉक्टर फर्कसन, भूलविभागाचे मुख्य, चहाच्या खोलीत येतात. टेबलावर दिवसभराच्या कोऱ्या चार्टांची चळत असते. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात पेन. ‘डॉक्टर हजर’ या चौकटीत सही, पान उलट, सही, पान उलट. मधे क्रिकेटचा स्कोअर विचारतात. साडेसातला शिकाऊ डॉक्टरांना एखादा प्रश्न विचारून गप्प करतात, आणि नऊच्या आत त्यांची गाडी फाटकातून बाहेर, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या खासगी हॉस्पिटलकडे. फाटकावरचा पहारेकरी हॉर्न वाजायच्या आधीच दांडा वर करतो. हे सगळ्यांना माहीत. वरच्या मजल्यालाही माहीत. नर्सना माहीत असून काय होणार? चौदाजणींचं काम सहाजणी करतात, आणि एक सही कमी झाली तर ऑपरेशनं बंद, मग बाहेर व्हरांड्यात उपाशी ठेवलेल्या पेशंटांना घरी जा म्हणून सांगायचं ते नर्सनीच. म्हणून चळत नीट लावून ठेवणारीही एक नर्सच असते. मार्च महिन्यात ती पाळी व्हिनेटची होती. चार्ट तिनंच पुढे सरकवले, पेनही तिचंच.

त्या दिवशी डेलरोज मिनॉटला तिनं आठ पन्नासला झोपवलं. स्नायू सैल करायचं इंजेक्शन दिलं, नळी घातली, डोळ्यांवर चिकटपट्टी लावली, मशीनवर घेतलं. सगळं सुरळीत. नऊ चाळीसला भुलीच्या औषधाचं भांडं तळाला आलं. ते भरायचं तर आधी चकती शून्यावर आणावी लागते, मग झाकण उघडायचं, बाटली ओतायची, झाकण लावायचं, चकती पुन्हा चालू. मिनिटभराचं काम. चकती शून्यावर आली होती, झाकण उघडं होतं, बाटली हातात होती, आणि दार धाडकन उघडून चार नंबरमधला शिकाऊ डॉक्टर आत आला. पोराचं तोंड पांढरंफटक. "सिस्टर, चला! नळी जात नाही. पोरगी निळी पडतेय." सहा वर्षांची पोरगी, उकळत्या तेलानं भाजलेली, मान आखडलेली. "फर्कसन कुठेत?" असं व्हिनेटनं विचारलंसुद्धा नाही. बाटली ठेवली, सामान आणून देणाऱ्या फिरत्या नर्सला म्हणाली, "लक्ष ठेव गं, आलेच," आणि धावली. धावताना मनात पोरीची मान होती. हातांना फक्त तेवढंच माहीत होतं: जीभ बाजूला, जबडा वर, वाकडी नळी, आंधळेपणानं, बोटांच्या टोकांनी. दोनदा हुकली. तिसऱ्यांदा गेली. पोरीचे ओठ निळ्याचे जांभळे, जांभळ्याचे तपकिरी झाले. शिकाऊ डॉक्टर भिंतीला टेकून रडायला लागला होता. ती त्याला म्हणाली, "रडायचंय तर नंतर. श्वासाची पिशवी दाब."

परत आली तेव्हा नऊ एक्कावन्न झाले होते. तीन नंबरमध्ये सर्जन कुरकुरत होता, "आज रक्त का एवढं येतंय?" मॉनिटरवर नाडी एकशे अडतीस. चकती शून्यावर. तिच्या तोंडून निघून गेलं, "अरे देवा, हे बंदच आहे." तिनं औषध ओतलं, चकती पूर्ण फिरवली, आणि मग बाईच्या तोंडाकडे पाहिलं. डाव्या डोळ्यावरच्या पट्टीच्या कडेनं पाणी आलं होतं. कानाकडे ओघळ गेला होता. घाम असेल, ती म्हणाली. स्वतःला म्हणाली. घाम डोळ्यातून येत नाही हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही कळतं. तिनं गॉझचा तुकडा घेतला आणि ते पुसलं. मग विसर पाडणारं औषध शिरेतून सोडलं. ते औषध पुढचं विसरायला लावतं, मागचं पुसत नाही. हेही तिला माहीत होतं. तरी सोडलं, जशी एखादी बाई रिकाम्या घरात जाऊन पुन्हा पुन्हा हाक मारते. मग ती स्टुलावर बसली आणि चार्ट पुढे ओढला. नऊ पंचेचाळीस आणि नऊ पन्नास, दोन रकाने कोरे होते. तिनं ठिपके दिले. चौऱ्याऐंशी. शहाऐंशी. आधीच्या आणि नंतरच्या ठिपक्यांच्या मधे सरळ रेषेत. कुणी शिकवलेलं नसतं हे, पण या धंद्यातली प्रत्येकजण करते; हात अडकले, गडबड झाली, की मागाहून ठिपके भरायचे, आणि भरताना हात आपोआप शहाणे आकडे लिहितो. वर चौकटीत ‘डॉक्टर हजर’ आणि फर्कसनची ऐटदार सही होती, सकाळी सव्वासातची.

म्हातारा जागा झाला. त्याला बाहेर सोपवून ती चहाच्या खोलीत आली तेव्हा मर्लीन पिनॉक बनला चीज लावत होती. सहाजणींतली तीच व्हिनेटच्या बरोबरीची, दोघी एकाच तुकडीत शिकलेल्या. टेबलावर वरून आलेला टाइप केलेला कागद पडला होता. दोन ओळी. पेशंट संपूर्ण वेळ बेशुद्ध होती. भूल देणारी नर्स व डॉ. फर्कसन संपूर्ण वेळ उपस्थित होते. खाली टिंबांची रेघ.

"सही कर नि मोकळी हो," मर्लीन म्हणाली. "दोन ओळी आहेत. बायबल नाही लिहायला सांगितलं तुला."

"खोट्या आहेत."

"अगं, या हॉस्पिटलात खरं काय लिहिलंय ते दाखव मला. कॅन्टीनच्या फळ्यावर आज मासे लिहिलेत. जा, बघून ये. कोंबडीच्या माना आहेत."

"मर्लीन, तिनं माझा आवाज ओळखला. बाजारात तिला लोक वेडी डेलरोज म्हणतात म्हणे. पाठीवर झोपू शकत नाही ती. पास्टर तिच्या अंगातली भुतं काढतोय."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिच्या फाइलीत आहे. वाचली मी."

मर्लीननं सुरी खाली ठेवली. "बघ बाई, मी काही दगड नाही. मलाही कळतं. पण डॉक्टर लोक टपून बसलेत. नर्सच्या हातात भूल देऊ नका, त्यांचं हे पालुपद कधीपासूनचं. तू त्यांना आयतं निमित्त देतेस. फर्कसनला काही होणार नाही. त्याचा मेहुणा कोण आहे माहीताय ना? तुझं लायसन जाईल. मग आपण पाच उरतो. पाच! म्हणजे माझ्या कायमच्या दोन खोल्या. उद्या मी एकीकडून दुसरीकडे धावेन, आणि मग माझी एक डेलरोज होईल. हेही धर ना मनात."

हे तिनं धरलं होतं मनात. सोमवारी नव्हतं, पण मंगळवारी पहाटे पाय उशीवर ठेवून पडल्यापडल्या धरलं होतं. टोरँटोची बहीण फोनवर म्हणाली होती, सोड ते सगळं नि ये इकडे, पुढच्या वर्षी निवृत्त तर होणारच आहेस. निवृत्त. म्हणजे कुणी हाक मारणार नाही, दार उघडून कुणी आत येणार नाही. दुपारी तीनला झोपायचं. हे तिला एवढं हवंसं वाटत होतं की त्या हवेपणाचीच घाण यायला लागली होती. थकवा माणसाला भला करत नाही, हे तिला आता पुरतं कळलं होतं. लोक म्हणतात सोसून सोसून माणूस मऊ होतं. खोटंय. सोसून सोसून माणूस एवढंच मागतं की मला आज कुणी काही विचारू नका.

"बन खा," मर्लीन म्हणाली. "उपाशीपोटी कुणी हौतात्म्य पत्करू नये."

कागद खिशात घालून, बन हातात घेऊनच ती जिना चढली. लिफ्ट बंद होती. लिफ्ट या हॉस्पिटलात प्रमुख पाहुणे आले की चालते. फाइलीतलं एक वाक्य तिच्या डोक्यात पायरीपायरीला आपटत होतं. ‘पेशंटच्या मते डोक्यावरचा हात निघून गेला तेव्हापासून ती आकडे मोजू लागली व सहाशे बारापर्यंत मोजल्यावर हात परत आला, निवेदन असंबद्ध.’ हात. सर्जन पोटात हात घालून होता, आतून काहीतरी ओढत होता, पोत्यातून कंद ओढावेत तसं, असं तिनं सांगितलेलं तेही लिहिलं होतं. पण ती मोजत राहिली ते सर्जनसाठी नाही. कानशिलावरची दोन बोटं कुठे गेली म्हणून. दुसऱ्या मजल्यावर व्हिनेटनं कठडा धरला. तिला वाटत आलं होतं की आपण गेलो आणि आलो, मधे काही नव्हतं, एक खोली सोडून दुसरी. त्या मधल्या जागेत एक माणूस राहत होतं. एकटं. हलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं, पापणी उचलता येत नव्हती; ती सोय व्हिनेटनंच करून ठेवली होती. आणि ते माणूस शिव्या देत नव्हतं, देवाचा धावाही करत नव्हतं. तिची वाट बघत मोजत होतं. एकशे एक. एकशे दोन.

खोलीत चौघं होते. समितीचे अध्यक्ष, चष्मा नाकावर. मेट्रन, हात घडी घालून. डॉक्टर फर्कसन, पायावर पाय. आणि टेबलाच्या या टोकाला डेलरोज मिनॉट, चर्चला जायच्या कपड्यांत, डोक्यावर फुलांची टोपी, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. व्हिनेट आत आली तेव्हा तिनं वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. व्हिनेटचा चेहरा तिच्या लेखी पॅटीच्या दुकानातला, तेवढंच. तिथं व्हिनेट नाही म्हणाली होती.

"या सिस्टर," अध्यक्ष म्हणाले. "बसा. तुम्हाला काही बोलायची गरज नाही. कागद आणलात ना? सही करा, आम्ही मिसेस मिनॉटना वाचून दाखवतो, म्हणजे त्यांच्याही मनाचं समाधान होईल."

"भुलीच्या औषधानं स्वप्नं पडतात," फर्कसन डेलरोजला म्हणाले, लहान मुलाला समजवावं तसे. "फार खरी वाटतात. तुमचा दोष नाही त्यात."

व्हिनेटनं खिशातला कागद टेबलावर ठेवला, मेट्रननं पेन पुढे केलं. व्हिनेटच्या एका हातात अजून बन होता. तो कुठे ठेवावा हे तिला सुचेना, आणि त्या क्षणी तिला फक्त तेवढाच प्रश्न होता, हा बन. मग तिनं तो त्या कागदावरच ठेवला.

"मिनॉटबाई," ती म्हणाली. स्वतःच्या आवाजात. "ते स्वप्न नव्हतं. खोलीतून गेले ती मी."

डेलरोजचे डोळे मिटले. टोपीवरची फुलं हलायला लागली.

"सिस्टर!" मेट्रन म्हणाली.

"बोला," डेलरोज म्हणाली, डोळे न उघडता. "थांबू नका तुम्ही."

"औषध संपत आलं होतं. भरायला म्हणून मी बंद केलं, आणि तसंच सोडून गेले. अकरा मिनिटं. परत आले तेव्हा तुमच्या डोळ्यातून पाणी आलं होतं. मी बघितलं. पुसलं. आणि चार्टवर खोटे आकडे लिहिले. सात महिने मला माहीत होतं. सोमवारी दुकानात तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं. मी खोटं बोलले, आवाज बदलून बोलले."

एसी घरघरत होता. डेलरोजनं पर्स उघडली, रुमाल काढला, पण तो डोळ्यांना लावला नाही. हातात धरून बसली. "मी वेडी नाही," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कळलं नाही. मग जरा मोठ्यानं, "ऐकलंत का? मी वेडी नाही!" आणि मग एकदम व्हिनेटकडे वळून, दात आवळून, "तुला ठाऊक होतं? माझी धाकटी माझ्याजवळ झोपत नाही. आई दचकून ओरडते म्हणून. आणि तुला ठाऊक होतं?"

"हो."

"देव तुला बघून घेईल."

"घेईल."

फर्कसननी घसा साफ केला. "सिस्टर, तुमचा तोल गेलाय. तुम्ही थकलाय."

"थकलेय. तेवढं बरोबर लिहून घ्या."

"ह्या आपली जागा सोडून गेल्या, हे त्यांनी कबूल केलंय," फर्कसन अध्यक्षांना म्हणाले. "माझ्या मते प्रश्न मिटला. एका व्यक्तीची चूक आहे."

"कुठं गेली होतीस?" डेलरोजनं विचारलं. तेवढंच तिला विचारायचं होतं बहुतेक, सात महिन्यांपासून. "मला तिथं तशी टाकून गेलीस कुठं?"

"शेजारच्या खोलीत. सहा वर्षांची पोरगी होती, भाजलेली. तिचा श्वास बंद पडत होता. तिथं एक शिकाऊ पोरगा होता, त्याला जमत नव्हतं."

हे डेलरोजला कुणीच सांगितलं नव्हतं. सात महिने तिनं मनात जिला शिव्या घातल्या ती बाई तिच्या लेखी चहा प्यायला गेली होती, फोनवर बोलायला गेली होती. आता तिच्या त्या अंधारात एक पोरगी येऊन बसली, आणि तिला कुठं सरकवावं ते कळेना.

"जगली?"

"जगली. महिन्यानं घरी गेली. नाव नाही ठाऊक मला."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, कागद गोळा करायला लागले. बनखालचा कागद त्यांनी ओढला, त्यावर तेलकट गोल डाग पडला होता. "हे सगळं लेखी द्या, सिस्टर. समिती विचार करेल. आता इथंच थांबू या." फर्कसननी घड्याळ बघितलं आणि उठले. मेट्रनही उठली. व्हिनेट उठली नाही. पाय उठतच नव्हते म्हणा, पण ते काही खरं कारण नव्हतं.

"लेखी देईन," ती म्हणाली. "मी काय केलं ते सगळं देईन. लायसन घ्यायचं तर घ्या. पण एक गोष्ट मला लिहिता येत नाही, ती तुम्ही सांगा. नऊ चाळीसला दोन खोल्यांत दोन माणसं होती आणि हात माझे एकटीचे. तुमच्या कागदावर दोन्ही खोल्यांत डॉक्टर हजर आहेत, त्यांची सही आहे, मीच पेन दिलं होतं. ते कुठे होते ते मी विचारत नाही, पहारेकऱ्यालाही माहीताय. मी एवढंच विचारते की दोघींपैकी मी कुणाला सोडायला हवं होतं? ह्या बाईला की त्या पोरीला? नियम तुमचा, सहीही तुमची. नाव घ्या."

"बैठक संपलीय, सिस्टर," अध्यक्ष म्हणाले.

"माझी नाही संपली," डेलरोज म्हणाली. तिनं खुर्ची पुढे ओढली, एवढ्या जोरात की फरशीवर चरचरली, आणि दोन्ही कोपरं टेबलावर रोवून त्या तिघांकडे बघत बसली. "दुकान बंद ठेवून आलेय मी. मलाही ऐकायचंय."

फर्कसनचा हात दाराच्या मुठीवर होता.

"बसा डॉक्टर," व्हिनेट म्हणाली. "आणि सांगा. कुणाला?"